पुढच्या सीटवर चार बोटं रद्दी

थांबा, हे आत्ताच सांगितलं पाहिजे. नंतर सांगू म्हटलं तर मी झोपणार, आणि झोपून उठल्यावर हे असं सांगता येणार नाही. मी आडवी पडलीये, पंखा फुल्ल आहे, क्लच दाबून दाबून डाव्या पोटरीत गोळा आलाय, हाताला लिंबाचा वास येतोय. कुठं पडलीये ते शेवटी सांगते. आधी गाडीचं.

गाडी म्हणजे ती हो, आपली छोटी गाडी, जिचं कंपनीनं सगळं रूप बदललं. नाव तेच, बाकी सगळं नवं. मी वर्षभर तिची वाट बघितली. मी एका सीएच्या ऑफिसात कामाला आहे, दुपारच्या सुट्टीत डबा खाताखाता तिचेच व्हिडिओ बघायचे. पुढचे दिवे कसे बारीक झालेत, डॅशबोर्डवर स्क्रीन कशी उभी केलीये, किल्ली न लावता बटनावर कशी चालू होते. चटणीच्या बोटानं मोबाईल पुढं सरकवत बसायचे. गाडी आली तेव्हा आमच्या भावंडांच्या ग्रुपवर सगळे मागं लागले, फर्स्ट इम्प्रेशन टाक, फर्स्ट इम्प्रेशन टाक. आज टाकते, उद्या टाकते म्हणत राहिले. तर हे घ्या. असं होईल वाटलं नव्हतं.

आमच्याकडं आधी ह्याच गाडीचं जुनं मॉडेल होतं, सेकंडहँड. सीट फाटलेल्या, त्यावर आपले सोलापुरी टॉवेल टाकलेले. गेली दोन वर्षं ती गावातल्या गावातच चालायची. मोहोळच्या पुढं नेली की इंजिन तापायचं. ती विकली आणि पप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा कोरी गाडी घ्यायची ठरवली. शोरूममध्ये जुन्या आकाराची एक शिल्लक होती. आई तिच्याभोवती फिरली, दार उघडून आत बसली, आणि म्हणाली, "हीच घेऊ की. ओळखीची वाटती."

मी म्हटलं, "आई, अगं नवीन येलालीये. थांब की दोन महिने. सस्पेन्शन बदललंय. ह्यात तुला अजिबात लागणार नाही."

लागणार नाही म्हणजे गाडी. आईला गाडी लागते. थोडीथोडकी नाही. एसटी, रिक्षा, कुणाच्या लग्नाची ट्रॅव्हल्स, सगळं लागतं. आमच्या घरात प्रवास म्हणजे कॅरीबॅग, लिंबू, आलेपाक आणि आईचं "थांबव". जुन्या गाडीत जरा कमी लागायची, का ते कधी कुणी विचारलं नाही. सवयीची असेल म्हणून सोडून दिलं.

आणि ह्या वेळी आईला माळशिरसला जायचंच होतं. तिथं माझी मावशी राहते. दोघीच बहिणी, माहेरचं दुसरं माणूस उरलं नाही. इतकी वर्षं मावशीच सोलापूरला यायची, कारण धाकटीला गाडी लागते. पिशवीत गूळ, शेवग्याच्या शेंगा घेऊन एसटीनं यायची, दोन दिवस राहायची, आईच्या शेंगदाणा चटणीचे डबे भरून घेऊन जायची. मग मावशी न्हाणीत पाय घसरून पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. आता वॉकर घेऊन घरातल्या घरात चालते. तिचं येणं बंद झालं. आणि आईचं जाणं तर आधीपासूनच बंद होतं. म्हणजे दोघींची भेट फोनवर.

"येते गं मी आता, नवी गाडी घेतलालाव," आई फोनवर सांगायची.

"नव्या गाडीला रस्ता कमी लागतो व्हय?" मावशी म्हणायची. "तू काय येत न्हाईस. ठावं हाय मला."

आई हसायची, पण फोन ठेवला की जरा वेळ तशीच उभी राहायची.

तर गाडी आली. शोरूममध्ये गाडीवर लाल कापड टाकलेलं, पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पप्पा एका कापडाच्या दुकानात मॅनेजर आहेत, रोज दुसऱ्यांचं कोरं कापड उलगडून दाखवतात. त्या दिवशी त्यांच्यासाठी कुणीतरी कापड ओढलं. मी व्हिडिओ करत होते आणि व्हिडिओत माझाच आवाज येतोय, "कसलं भारी! पप्पा, कसलं भारी!" शोरूमचा पोरगा एकेक दाखवत होता आणि त्याच्या आधीच मी बोलत होते. आईनं दार उघडलं, आत डोकं घातलं, आणि बाहेर काढलं.

"वास येलालाय," ती म्हणाली.

"काकू, नव्या गाडीचा वास असतो तो. लोकांना लई आवडतो," शोरूमचा पोरगा म्हणाला.

"लोकांना नेऊन बसवा मग."

हे आईचं फर्स्ट इम्प्रेशन. ते मला तिथंच टाकायला पाहिजे होतं.

मग पूजा. नारळ, हळदीकुंकू, चारी चाकांखाली लिंबं. पाचवं लिंबू आईच्या मुठीत. गाडीला नाही, तिला. आणि नवी गाडी पहिली न्यायची कुठं, तर अक्कलकोटला, ह्यात आमच्याकडं कुणी चर्चासुद्धा करत नाही. मी चालवणार होते, कारण पप्पांना बटनाची गाडी चालू करताना भीती वाटत होती की काहीतरी चुकीचं दाबलं जाईल. आईला पप्पांनी मागं बसवलं.

"मागं एसी हाय स्पेशल. राणीसारखी बस."

सीटला प्लास्टिक तसंच होतं. कंपनीचं, जाड, चुरचुर वाजणारं. मी काढायला निघाले तर पप्पांनी माझा हात धरला. "पहिली सर्व्हिसिंग होऊ दे. मग काढू." आमच्या अख्ख्या गल्लीत असंच आहे. टीव्हीच्या रिमोटचं प्लास्टिक, गादीचं प्लास्टिक. वापरायचं, पण वस्तूला कळू द्यायचं नाही की वापरलालाव.

वळसंगपर्यंत पोचलो. आरशात बघितलं तर आई डोळे मिटून, डोकं मागं टाकून, लिंबू नाकाला लावून. तोंडाचा रंग भाजणीसारखा.

"थांबव," ती म्हणाली.

मी थांबवली. ती उतरून बाभळीखाली गेली. पप्पा पाण्याची बाटली घेऊन तिच्या मागं, मी स्टिअरिंगला धरून तशीच. बाहेर ऊन, आत नवी स्क्रीन, स्क्रीनवर गाण्याचं नाव सरकतंय. दहा मिनिटांनी ती परत आली, पदरानं तोंड पुसत, आणि दाराला टेकून उभी राहिली. आत बसेना.

"तुम्ही जाऊन या. मी हितं चहाच्या टपरीवर बसते. येताना घ्या मला."

"असं कसं गं," पप्पा म्हणाले. "दर्शनाला आलोय की आपण."

"मग मला कशाला आणता हो?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "दरवेळी सगळ्यांचा खोळंबा. तुम्ही उन्हात उभे, पोरगी आत बसलेली. कंटाळा येतो हो मला माझाच."

आम्ही तिला ठेवून गेलो. खरंच ठेवून गेलो. दर्शन घेतलं, गाडीला तिथला हार घातला, परत आलो तर आई टपरीवाल्या बाईशेजारी बाकावर बसलेली, दोघी मेथी निवडत होत्या. ती बाई कन्नडमधून बोलत होती, आई मराठीतून, आणि दोघींचं चांगलं चाललेलं. आईला परत गाडीत बसवताना मला कसंतरी झालं. येताना पुढं बसवली. तरी होटगी रोडला पुन्हा एकदा थांबलो.

त्या दिवसापासून माझा ट्रेनिंगचा आठवडा सुरू झाला. नवीन गाडी आली की सोलापुरात ती सगळ्यांना दाखवायची असते. तुम्ही जेवलात का, झोपलात का, कुणी बघत नाही. आत्याच्या घरी, पप्पांच्या मालकाकडं, जुळे सोलापूरला आईच्या भिशीतल्या बायकांकडं. ऑफिस सुटलं की मी घरी, चहा उभ्यानं, आणि गाडी काढ. प्रत्येक जण आत बसून दार लावून बघणार, काच खालीवर करणार, छताला हात लावून म्हणणार, "छत बसकं झालं बाई आधीपेक्षा." कोण म्हणणार रंग वेगळा पाहिजे होता. मी पहिल्या दोन घरी उत्साहानं सगळं समजावून सांगितलं, तिसऱ्या घरापासून नुसती मान हलवत होते. ह्याच फेऱ्यांत आईला बरोबर घ्यायची, रोज जरा लांब. आज संभाजी तलाव. उद्या विजापूर रोड. म्हटलं, सवय लावू. पण सवय लागायच्या आधी गाडी लागायची.

मी दमले होते हो. चार दिवसांत मला त्या गाडीचं तोंड बघवेना. जिच्यासाठी वर्षभर डबा थंड केला ती. वर आई रोज उतरल्यावर एकेक बोलायची, आणि तेव्हा मला वाटायचं ही नुसती नावं ठेवतीये.

"मागच्या खिडकीला काय झालंय गं? शेवटाला वर पळालीये. मला नुसतं आभाळ दिसतं."

"ते डिझाईन आहे आई."

"आभाळ बघायला मी विमानात बसले असते की."

आणि पुढं बसली की, "हा टीव्ही कशाला उभा केलाय मधे? गाडीत बसून मी मालिका बघणार हाय का?"

मी ऐकत होते आणि ऐकत नव्हते. मावशीचा फोन रोज यायचा. रोज तोच प्रश्न, आई रोज म्हणायची, "रविवारी बघते." आणि माझ्याकडं बघायची नाही.

मग आमच्या शेजारच्या काकू आल्या. त्या तेलुगू. त्यांच्याकडं यंत्रमाग आहेत, दिवसभर खटखट चालू असतं आणि सवयीनं त्या सगळ्यांशी ओरडूनच बोलतात. दारातनंच म्हणाल्या, "वहिनी, पेपरवर बसला का?"

पेपरवर बसलं की गाडी लागत नाही, हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे. आईलाही. आई म्हणाली, "बसले की. कालच बसले. पेपर घातलावता खाली."

"किती?"

"किती म्हणजे? एक."

काकू कपाळावर हात मारून हसल्या. "एका पेपरनं काय होतंय? आमच्या सासूला गठ्ठा लागायचा, गठ्ठा! तिरुपतीला जाऊन आली ती."

मी मान हलवत आत निघून गेले. पण आईनं सज्जात साठवलेली रद्दी काढली. त्यातनं इंग्लिश पेपर वेगळे केले.

"ते का काढलालीस?" मी विचारलं.

"ते नको. मराठीच बरे."

"आई, बसायचंय, वाचायचं नाहीये."

"तू गाडी चालव."

चार बोटं जाड गठ्ठा, सुतळीनं बांधलेला, पुढच्या सीटवर. त्यावर आई, पट्टा लावून, लिंबू मुठीत. पप्पा मागं. मी होटगी रोडला घेतली. मनात म्हटलं, आसरा चौकापर्यंत थांबव म्हणणार. ती म्हणाली नाही. पुढं गेले. मग बाजूनं आवाज आला.

"अगं, ते भांड्याचं दुकान बंद झालं व्हय?"

मला आधी कळलंच नाही ती कुणाशी बोलतीये. मी वळून बघितलं तर आईचे डोळे उघडे! आई गाडीत डोळे उघडे ठेवून बसलीये हे मी बघितल्याचं मला आठवत नाही. ती पाट्या वाचत होती. कटिंग सलून. आयुर्वेदिक चहा. प्लॉट विकणे आहे. एकेक पाटी मोठ्यानं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिचं डोकं त्या उभ्या स्क्रीनच्या वर आलंय. माझी आई बुटकी आहे. पाच फूटसुद्धा नाही. नव्या गाडीचा डॅशबोर्ड वर आलाय, वर ती स्क्रीन. इतके दिवस पुढं बसून तिला समोर काय दिसत होतं, तर प्लास्टिक. मागं बसली की आभाळ. जुन्या गाडीत खिडकी खाली होती, पुढचं सगळं बसकं होतं, तिला रस्ता दिसायचा, म्हणून कमी लागायची. ती रोज मला हेच सांगत होती की. आणि मी व्हिडिओवाल्यांचं ऐकत होते. माझी सीट मी वर करून घेतलेली, चालवणाऱ्याच्या सीटला तसा दांडा असतो. शेजारच्या सीटला नसतो. एकाही व्हिडिओत कुणी बुटक्या आईला शेजारी बसवलं नव्हतं.

"आई! उंची! उंचीमुळं झालंय हे, तुला रस्ता दिसलालाय!"

"पेपरमुळं झालंय," आई शांतपणे म्हणाली. "आयुर्वेदिक मालिश केंद्र."

मी अजून काहीतरी बोलणार तेवढ्यात पुढं एक दुचाकीवाला आडवा घुसला. मी ब्रेक मारला, आणि आई गठ्ठ्यासकट सर्रकन पुढं गेली. पट्ट्यानं धरली नसती तर डॅशबोर्डवर आपटली असती. प्लास्टिकवर पेपर, दुसरं काय होणार. ती पट्ट्यात अडकून तिरकी झाली, पदर सुटला, लिंबू पायाखाली गेलं. लागलं काही नाही. पण परत येताना ती एका हातानं दाराचं हँडल, दुसऱ्या हातानं सीटची कड धरून बसली. पाट्या वाचणं बंद. 

घरी आलो. मी चपला काढून जमिनीवरच आडवी झाले. पप्पा वर आलेच नाहीत. बऱ्याच वेळानं खिडकीतनं बघितलं तर गाडीचं दार उघडं आणि पप्पा आत गुडघ्यावर. खाली गेले. ते पुढच्या सीटचं प्लास्टिक काढत होते. टरकावत नव्हते, शिवणीत अडकलेलं बोटानं सोडवत होते, कापडाच्या दुकानातला माणूस जसं पीस सोडवतो तसं.

"पप्पा, मी काढू?"

"नको. फाटंल."

"फाटू दे की. टाकायचंच आहे."

त्यांनी पुढच्या दोन्ही सीटचं काढलं, झटकलं, चौकोनी घडी घातली आणि माळ्यावर नेऊन ठेवली. सर्व्हिसिंग झालेली नव्हती. खाली येऊन सीटच्या नव्या कापडावर एकदा उलटा हात फिरवला आणि म्हणाले, "चांगलं हाय कापड. उगंच झाकलं होतं." मग जरा वेळानं, "मागचं राहू दे पण. मागं मीच बसणार हाय."

आईनं गठ्ठ्याला आमच्या घरातली जुनी चादर गुंडाळली, निळी, मोरांची. आता तो सरकत नाही आणि साडीला शाई लागत नाही. मी म्हणते उंची. ती म्हणते पेपर. वाद बंद. मावशीला फोनवर तिनं सांगितलं, "रविवारी येते." बघते म्हणाली नाही.

आज रविवार.

सकाळी निघालो. पप्पांच्या खिशात चार कॅरीबॅग, आईच्या पर्समध्ये दोन लिंबं, आलेपाक. पप्पा मागं, मांडीवर चटणीचे डबे, प्लास्टिकवर चुरचुर करत. मोहोळपर्यंत आईनं सगळ्या पाट्या वाचल्या. मला आनंद झाला. पंढरपूरच्या बायपासला येईपर्यंत माझं डोकं उठलं. ढाबे, टायरवाले, वाढदिवसाचे बॅनर, बॅनरवरची सगळी नावं. उसाच्या ट्रॉल्या पुढं गेल्या की त्यावरचं लिहिलेलंसुद्धा. इतकी वर्षं डोळे मिटून प्रवास केला, सगळं एकदम वसूल करत होती.  बोलायची ताकद पण नव्हती, आठवडाभराची झोप डोळ्यात होती.

वेळापूर मागं पडलं आणि ती गप्प झाली.

एकदम गप्प. पाटी आली, वाचली नाही. दुसरी आली, नाही. मी वेग कमी केला. पप्पा मागनं पुढं सरकले, कॅरीबॅग उघडल्याचा आवाज आला. एवढं जवळ येऊन, मला रडूच यायला लागलं.

"थांबव," आई म्हणाली.

मी बाजूला घेतली. ती उतरली. पप्पा बाटली घेऊन उतरले. मी ह्या वेळी आत बसून राहिले नाही, मी पण उतरले. आईनं पप्पांच्या हातातनं बाटली घेतली, तोंडावर पाणी मारलं, पदरानं पुसलं. मग पर्समधनं पावडरचा डबा काढला.

आम्ही दोघं नुसतं बघत उभे.

"काय बघलालाव?" ती म्हणाली. गाडीच्या बाहेरच्या आरशात वाकून ती पावडर लावत होती, मग टिकली नीट केली. "असं तोंड घेऊन जाऊ व्हय तिच्याकडं? आजपर्यंत कुणाच्या घरी गेले की आधी मोरी कुठंय विचारायचे. एकदा तरी नीट जाऊ दे की."

पप्पांनी कॅरीबॅगची घडी घालून खिशात ठेवली.  मी फक्त आरसा तिच्यासाठी जरा खाली केला.

मावशी दारात उभी होती, वॉकर धरून. पायरीवर तिनं तांब्या भरून ठेवलेला, शेजारी वाटीत मीठ-लिंबू. धाकटीला गाडी लागते म्हणून. आई उतरली आणि मावशी लांबूनच म्हणाली, "मोरी मोकळी हाय बघ, जा आधी."

"मला नको," आई म्हणाली. "पाणी गाडीवरनं ओवाळ."

मावशीनं तिच्याकडं नीट बघितलं. पावडर, टिकली, कोरडे केस. "काय गं, एसटी स्टँडवर उतरून नटून आलीस का काय?"

"गाडीत बसून आले."

"लागली न्हाई?"

"पेपरवर बसले." आईनं हे माझ्याकडं बघत सांगितलं.

मग मावशीनं तिचा हात धरला, वॉकर सोडून, आणि आई म्हणाली, "अगं पडशील," आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या. पप्पांना चटणीचे डबे कुठं ठेवायचे कळेना. मी भाकरतुकडा ओवाळायला घेतला, कारण दुसऱ्या कुणाला सुचत नव्हतं.

इथपर्यंत ठीक होतं. मला वाटलं आता जेवण, मग झोप. पण मावशीला गाडी बघायची होती. बघितली. मग बसायचं होतं. डॉक्टरांनी तिला खाली बसायला मनाई केलीये, खुबा वाकवायचा नाही, म्हणून आम्ही नको नको म्हणत होतो. ती वॉकरनं आली, पुढचं दार उघडायला लावलं आणि त्या चादरीच्या गठ्ठ्यावर अलगद टेकली. पाय आत घेतले. तोंड वाकडं झालं नाही.

"हे बरं हाय गं. दवाखान्यातनं आणलं त्या गाडीत खड्ड्यात पडल्यागत झालतं. ह्या गाडीची सीट चांगली हाय."

"सीट नाही मावशी, रद्दी आहे," मी म्हटलं.

"काय का असंना. मला वेळापूरला फिरवून आण."

"आत्ता?"

"मग कवा? घरात बसून भिंती बघून डोळं गेलं माझं."

मी म्हटलं दहा मिनिटं पाठ टेकते. म्हणून मी आत्ता मावशीच्या पलंगावर आहे, माळशिरसला, आणि हे टाईप करतीये. पप्पा बाहेरच्या खोलीत घोरलालेत. आणि त्या दोघी गाडीतच आहेत. मावशी उतरायला तयार नाही, फेरी मारल्याशिवाय उतरणार नाही म्हणते. गठ्ठा तिच्याकडं गेला म्हणून आई चालवणाऱ्याच्या सीटवर बसलीये, माझी वर केलेली सीट. खिडकीतनं मला दोघींची डोकी दिसतात, अगदी एका उंचीला. आईच्या मांडीवर मीठ-लिंबाची वाटी आहे आणि दोघी मिळून ते लिंबू चोखलाल्यात. गाडी बंद, दारं उघडी, गप्पा चालू.

फेरी मारायची तर आईला मागं बसावं लागणार. मागं आभाळ. रद्दी एकच गठ्ठा, चार बोटं, आणि दोघींची मिळून गरज आठ बोटांची. मी मावशीच्या घरात नजर फिरवली. पेपर येत नाही तिच्याकडं. शेजारी विचारायला पाहिजे.

हे बघा, हॉर्न वाजला. आईनं वाजवला, मावशी हसलालीये. परत वाजला. उठते.

तुमच्या घरी पण असं झालंय का हो? की गाडी एवढी बघून, वाट बघून, नवीकोरी आणली, आणि घरातलं एक माणूस त्यात मावेना, आणि ते रोज सांगत होतं का मावेना ते, आणि तुम्हाला ऐकूच आलं नाही? आणि तुमच्याकडं काय घातलं होतं सीटवर, सांगा ना. खरंच सांगा, मराठी पेपर का इंग्लिश?